शोकेसमधली जर्मनी

पुण्यातल्या मध्यमवर्गीय बैठकीच्या खोलीला एके काळी तीन भिंती असत आणि चौथ्या बाजूला शोकेस असे. सरकत्या काचा, आतून फिका निळा ऑइलपेंट, खालच्या कप्प्यात दिवाळी अंक आणि बांधीव ज्ञानेश्वरी, वरच्या कप्प्यांत वस्तू. त्या वस्तूंची यादी सदाशिव पेठेत केली काय नि डेक्कनवर केली काय, फारसा फरक पडला नसता. आग्र्याचा ताजमहाल, काचेच्या पेटीतली जपानी बाहुली, म्हैसूरचा चंदनी हत्ती, वक्तृत्व स्पर्धेतला पेला. आणि एखाद्या भाग्यवान घरी मधोमध एक पांढरीशुभ्र, उंच मानेची फुलदाणी. पाहुण्यांनी विचारायच्या आत यजमान सांगत, ‘‘ती जर्मनीची.’’ पाहुणे मान डोलवत, तेवढ्यात चहा येई आणि विषय संपे.

संपे, कारण त्यापुढे सांगण्यासारखं घरात कुणाला काही ठाऊक नसे. ती कुठल्या गावची, कुणी घडवली, बुडाशी हिरव्या शाईत काय छापलंय, हे बघायला ती उलटी करावी लागली असती, आणि शोकेसमधली वस्तू उलटी करायची छाती कुणाची होती? दिवाळीच्या आवराआवरीत ती वर्षातून एकदा बाहेर निघे. तेव्हाही घरातली कर्ती बाई ती स्वतः पुसे आणि पोरांना खोलीबाहेर काढे.

ठाऊक असे तो आणणारा माणूस. माझ्या मावशीचे यजमान साठीच्या दशकात प्रशिक्षणासाठी श्टुटगार्टकडे गेले होते. त्यांनी येताना आणलेली फुलदाणी आजोळच्या शोकेसमध्ये होती. काकांनी ती लोकरी मोज्यांत गुंडाळली, मोजे ओव्हरकोटात गुंडाळले, कोट ट्रंकेत घातला आणि बोटीवर ती ट्रंक पलंगाखाली सरकवून सगळा प्रवास तिच्यावर नजर ठेवली, ही गोष्ट आम्हा भाचरांना तोंडपाठ होती. तांबड्या समुद्रात बोट हलू लागली तेव्हा इतर प्रवासी देवाचं नाव घेत होते आणि काका ट्रंकेवर बसून होते, हा प्रसंग दर वेळी थोडा वाढत जाई.

अशी माणसं त्या काळी पुण्यात बरीच होती. राउरकेलाचा पोलाद कारखाना पश्चिम जर्मनीच्या मदतीनं उभा राहत होता, मद्रासची आयआयटी १९५९ मध्ये त्याच मदतीनं सुरू झाली. पुण्याच्या आसपासही जर्मन यंत्रांचा वास येऊ लागला होता. १९५८ मध्ये स्थापन झालेली बजाज टेम्पो जर्मन सहकार्यानं तीन चाकी हॅन्सिएट बनवत होती, पुढे ती आकुर्डीला स्थिरावली. पंप बनवणारी केएसबी १९६० मध्ये पिंपरीत आली. नोकरीतला तरुण इंजिनिअर वर्षा-दोन वर्षांसाठी तिकडे पाठवला जाण्याची शक्यता खरी होती, म्हणून संध्याकाळी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आणि मॅक्समुल्लर भवनात ‘डेर, डी, दास’ घोकणाऱ्यांची गर्दी असे. सकाळी ड्रॉइंग बोर्ड आणि संध्याकाळी व्याकरण. जर्मन शिकणाऱ्या मुलाला स्थळंही बरी येत, असं आमच्या आळीत म्हणत. ते कितपत खरं होतं, कोण जाणे.

परदेशी जाणाऱ्याच्या खिशात मात्र पैसा नसे. परकीय चलनाची ओढाताण अशी, की सरकार हातावर ठेवी ते मूठभर. तिथं गेल्यावर मिळणाऱ्या विद्यावेतनातून वाचवायचं, त्यातून घरी पाठवायचं आणि उरेल त्यात ‘सगळ्यांसाठी काहीतरी’ आणायचं. मार्क तेव्हा सव्वा रुपयाच्या थोडा आत होता. ६ जून १९६६ ला रुपयाचं अवमूल्यन झालं आणि तोच मार्क पावणेदोन रुपयांच्या पुढे गेला. त्यानंतर आलेल्यांच्या ट्रंका हलक्या झाल्या. वर्षभरात सुएझ कालवाही बंद पडला, तो १९७५ पर्यंत; बोटींना आफ्रिकेला वळसा घालून यावं लागलं. त्याआधी जिनोआहून लॉइड त्रिएस्तिनोची ‘आसिया’ किंवा ‘व्हिक्टोरिया’ पकडली की पुढे थेट मुंबई. बॅलार्ड पिअरवर घरची मंडळी हार घेऊन उभी असत आणि हार गळ्यात पडायच्या आत उतरणारा ओरडून सांगे, ‘‘ती ट्रंक सांभाळून!’’

या माणसांनी फुलदाणीच का आणावी? माझा अंदाज असा, की ती जर्मनीतल्या यजमानांनी दिलेली असे. जिच्या घरी हा पोरगा भाड्यानं राहिला ती घरमालकीण, नाहीतर कारखान्यातला फोरमन. निरोपाला काय द्यायचं, तर पोर्सिलीन. आपल्याकडे ओटीत नारळ घालतात तितक्याच सहजपणे तिकडे ते देत. विकत घेताना आपल्या माणसानं कॅमेरा, दाढीचं यंत्र किंवा भाचीसाठी बोलणारी बाहुली घेतली असती. स्वतःहून फुलदाणी घेणारा मराठी इंजिनिअर मला तरी भेटलेला नाही.

आणि घरी आणून तिचं करायचं काय, हाही प्रश्नच. आमच्याकडे फुलं देवाला जात, केसांत जात, सत्काराच्या हारात जात. देठासकट आणून पाण्यात उभी करायची आणि नुसती बघत बसायची, हा प्रकार पेठांत नव्हता. कुणी कोपऱ्यात मोरपिसं ठेवी, कुणी तुळशीबागेतून प्लास्टिकचा गुलाब आणून खोवी. आजोळची फुलदाणी कायम रिकामी होती. तिच्यात एकदा कधीतरी आजीनं कपाटाची जादा किल्ली टाकली आणि निमुळत्या मानेतून ती पुन्हा निघेना. पुढे ती फुलदाणी हलवली की आतून किणकिण येई, म्हणून तिला हात लावला की घरभर कळे.

आजोबांना तिचं फारसं कौतुक नव्हतं. विदेशी कपड्यांची होळी १९०५ मध्ये याच शहरात पेटली, तेव्हा ते लहान होते. पण त्या वाऱ्यात वाढलेले. त्यांच्या दृष्टीनं घरातली अभिमानाची वस्तू म्हणजे ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील. तळेगावला १९०८ मध्ये पैसा फंडाच्या पैशातून काचेचा कारखाना निघाला, एकेका माणसाच्या एकेका पैशातून, हे ते अगदी आवाज चढवून सांगत. १९१६ मध्ये ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ काच ओतायला सुरुवात केली, औंधच्या पंतप्रतिनिधींनी त्यांना जमीन दिली. ‘‘आणि तुम्ही काचेमागे ठेवताय काय, तर जर्मनीचं मडकं!’’ शब्द मडकं असला, तरी पाहुण्यांसमोर त्यांनी ‘ती जर्मनीची’ला कधी विरोध केला नाही. बहिष्काराची पिढी आणि शोकेसची पिढी एकाच छपराखाली नांदत होती. दोघांचा समझोता बहुधा असा, की कंदील वापरायचा आणि फुलदाणी बघायची.

चिनीमातीचं आणि पुण्याचं नातं तसं आधीपासून वाकडंच. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे अशी मंडळी जमली, समोर चहा-बिस्किटं आली आणि त्यांची नावं जाहीर झाल्यावर गावात केवढं ग्रामण्य माजलं! शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं, प्रायश्चित्तं झाली. कोण प्यालं, कोण प्यालं नाही, कोणी नुसता कप हातात धरला, यावर खल झाला; त्या कपांच्या बुडाशी शिक्का कुठला होता, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. पुढे पाऊण शतकात कपबशी माजघरापर्यंत पोचली, तरी सोवळ्याच्या घरात तिची जागा वेगळी राहिली. बरणीला मात्र पहिल्यापासून मुभा होती. लोणच्याशिवाय शास्त्र चालत नाही.

त्या फुलदाण्या खरोखर काय होत्या, हे मला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावर त्यांच्याकडे पाहणंच बदललं. त्यांपैकी बऱ्याचशा बव्हेरियाच्या ईशान्य टोकाच्या आहेत. तिथं चेक सीमेला लागून झेल्प नावाचं लहानसं गाव आहे. १८५७ मध्ये लोरेन्झ हुचेनरॉयटरनं तिथं पोर्सिलीनची भट्टी घातली. १८७९ मध्ये फिलिप रोझेनथाल यानं शेजारच्या एका गढीत पांढऱ्या भांड्यांवर रंगकाम करून विकायला सुरुवात केली. त्याची पुढे एवढी मोठी कंपनी झाली, की त्याचं आडनाव हीच वस्तूची हमी ठरली. हा माणूस ज्यू वंशाचा. नाझी आल्यावर १९३४ मध्ये त्याला त्याच्याच कंपनीतून बाहेर काढलं गेलं, १९३७ मध्ये तो गेला. आडनाव मात्र नाझींना सोडवेना, कारण ते विकलं जात होतं. मुलगा, त्याचंही नाव फिलिपच, देशाबाहेर होता. युद्धानंतर तो परतला, १९५० मध्ये बापाच्या कंपनीत शिरला आणि १९५८ मध्ये तिचा प्रमुख झाला.

काकांची फुलदाणी या मुलाच्या काळातली. अर्धा देश बेचिराख झालेला, घरं नव्यानं बांधली जात होती आणि लोकांना आजीच्या काळातली सोनेरी वेलबुट्टी नको होती. मग आकार बदलले. १९५० मध्ये फ्रिट्झ हायडेनराइश यानं रोझेनथालसाठी एका बाजूला पोट काढलेली, मान वाकवलेली फुलदाणी केली. जर्मन लोकांनी तिला ‘गर्भार लुईस’ म्हणायला सुरुवात केली, ते नाव आजतागायत टिकलंय. १९६१ मध्ये धाकट्या फिलिपनं ‘स्टुडिओ लाइन’ काढली आणि देशोदेशीच्या कलावंतांना बोलावलं: फिनलंडचा तापिओ विर्काला, डेन्मार्कचा ब्यॉर्न विनब्लाड. त्यांची नावं फुलदाणीच्या बुडाशी छापली. झेल्पमधला नवा कारखाना १९६७ मध्ये उभा राहिला, तो खुद्द वाल्टर ग्रोपिउसनं आखलेला, बाउहाउस ही कलाशाळा काढणाऱ्यानं. भिंतीवर चित्र टांगावं त्या इभ्रतीनं फुलदाणी ठेवली जावी, असा हा सगळा खटाटोप होता.

साठीच्या उत्तरार्धात आणखी एक लाट आली. झिलईच काढून टाकली. बिस्किटासारखा कोरडा, खडूसारखा पांढरा पृष्ठभाग, त्यावर उठावातल्या रेघा, कंगोरे, पानं, डोळ्याला फसवणारी भूमितीची नक्षी. रोझेनथालमध्ये मार्टिन फ्रायर आणि काइझर या दुसऱ्या कंपनीत मान्फ्रेड फ्राय यांनी अशा फुलदाण्या भरपूर केल्या. पुण्यात सापडतात त्यांत या पांढऱ्या कोरड्या पुष्कळ. घरच्यांना वाटे, रंग द्यायचा राहून गेलाय. एका घरी ऑइलपेंटनं सोनेरी केलेली मी स्वतः पाहिली आहे. बाजारभावाच्या दृष्टीनं तिची माती झाली. त्या घरच्या वहिनींच्या दृष्टीनं मात्र तिला पहिल्यांदा जरा रूप आलं होतं.

ही वस्तू बनते कशी, तेही सांगायला हवं, कारण त्यातच तिची किंमत आहे. केओलिन, फेल्डस्पार आणि गारेची भुकटी यांची पातळ रबडी प्लास्टरच्या साच्यात ओततात. साचा पाणी शोषतो, भिंत धरते, उरलेली रबडी ओतून टाकतात. मग साधारण हजार अंशांवर एकदा भाजतात आणि झिलई देऊन जवळजवळ चौदाशे अंशांवर पुन्हा. या दुसऱ्या भाजणीत वस्तू सुमारे सहाव्या हिश्श्यानं आक्रसते, म्हणून घडवणाऱ्याला आकार आधीच मोठा धरावा लागतो. मातीतले कण वितळून एकजीव झालेले असतात, त्यामुळे बोटाची टिचकी लागली तर ती खणकन वाजते आणि उजेडासमोर धरली की पलीकडची बोटं सावलीसारखी दिसतात. आपल्या साध्या बरणीत हे होत नाही, तिची माती जाड आणि भाजणी वेगळी. १९६१ च्या १२ जुलैला पानशेतचं धरण फुटलं आणि पेठांत चिखल घुसला, तेव्हा ज्यांची घरं नदीकाठी होती त्यांचे फोटो, पोथ्या, गाद्या गेल्या. पोर्सिलीन ज्या घरात फुटलं नाही, तिथं ते याच एकजीवपणामुळे बादलीभर पाण्यात पुन्हा कोरं झालं.

आता शोकेस गेलं. प्रभात रस्त्यावरचे, भांडारकर रस्त्यावरचे बंगले एकामागून एक पडताहेत आणि पुनर्विकासाच्या पाट्या लागताहेत. आजी-आजोबा गेलेले, मुलं अमेरिकेत किंवा बाणेरला, आणि बिल्डरला ताबा द्यायची तारीख ठरलेली. वस्तूंची वाटणी अशा वेळी फार लवकर होते. सोनं, चांदी, सागवानी पलंग यांना वाली मिळतो. पितळ वजनावर जातं. चिनीमातीला वजनाचा भाव नाही, म्हणून ती शेवटपर्यंत मागे राहते आणि शेवटी भंगारवाल्याच्या हातगाडीवर, रद्दीच्या गठ्ठ्यांच्या मध्ये चढते. पूर्वी दारात बोहारीण आली तर जरीच्या लुगड्याच्या बदल्यात स्टीलची पातेली येत, आणि त्या व्यवहारात निदान तासभर घासाघीस होई. आताचा हातगाडीवाला दहा मिनिटांत अख्खा बंगला रिकामा करतो.

तिथून ती जुन्या बाजारात पोचते. मंगळवार पेठेत शाहीर अमर शेख चौकाजवळ बुधवारी आणि रविवारी भरणारा हा बाजार. जवळच मेट्रोचं स्थानक झालं, रस्ते बदलले, तरी जमिनीवर पसरलेली ताडपत्री तशीच आहे. पाने-पक्कड, नळाच्या तोट्या, बंद पडलेली घड्याळं, हार्मोनियमचे भाते, आणि त्यांत एखादी फुलदाणी आडवी पडलेली. विक्रेत्यांना पूर्वी तिचं काही नव्हतं. ‘‘घ्या साहेब, भवानी करा,’’ म्हणून चहाच्या पैशात देत. आता तेही शहाणे झालेत. ती उचलली की म्हणतात, ‘‘जर्मन आहे, खाली बघा, लिहिलंय.’’ खाली ‘जपान’ लिहिलेलं असलं तरी म्हणतात.

आणि घेणारे? ते तर पूर्णच बदलले. पूर्वी जुन्या बाजारात चिनीमाती घेणारा म्हणजे कुंड्यांसाठी काहीतरी शोधणारा पेन्शनर. आता तिशी-पस्तिशीतली मुलंमुली येतात. आयटीतली, आर्किटेक्चर शिकलेली. फुलदाणी हातात आली की ती आधी उलटी करतात, मोबाइलचा दिवा लावतात आणि शिक्का वाचतात. त्यांना जे ठाऊक असतं ते ऐकून मी थक्क होतो. ‘यूएस झोन’ असा शिक्का म्हणजे अमेरिकन ताब्याच्या काळातली, १९४५ ते १९४९. ‘वेस्टर्न जर्मनी’ असेल तर त्यानंतरची. ‘जीडीआर’ असेल तर पूर्वेची. भारताशी पूर्व जर्मनीचा व्यवहार रुपयांत चाले, तिकडची ऑर्वो फिल्म आपल्या कॅमेऱ्यांत सर्रास असे. नुसतं ‘केपीएम’ दिसलं म्हणून हुरळायचं नाही, ती अक्षरं अनेकांनी वापरली. बर्लिनच्या राजकारखान्याची खूण निळा राजदंड. मग कडेवरून नख फिरवून टवका शोधायचा, टिचकी मारून आवाज ऐकायचा. बद्द वाजली तर कुठेतरी तडा आहे.

त्यांतल्या कुणाकडे त्याहून जुना जर्मन ऐवजही असतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन कारखाने खास हिंदुस्थानसाठी राम, कृष्ण, लक्ष्मी, सरस्वती यांच्या पोर्सिलीनच्या मूर्ती करून पाठवत, रविवर्म्याची छापील चित्रं समोर ठेवून. आणि रविवर्म्याचा छापखाना कुठे, तर लोणावळ्याजवळ मळवलीला, पुढे तो श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाच्याच मालकीचा झाला. म्हणजे मळवलीत छापलेली सरस्वती जर्मनीला जाऊन मूर्ती होऊन परत येत असली पाहिजे. अशा मूर्तीला आज फुलदाणीपेक्षा पुष्कळ मोल येतं, आणि ते योग्यच आहे.

या मुलांच्या घरी फुलदाणीत फुलं असतात. तळेगावच्या पुष्प उद्यानातल्या हरितगृहांत जर्बेरा आणि गुलाब पिकतात, गुलछडी तर पुणे जिल्ह्याचीच. रविवारी सकाळी गुलटेकडीहून आणलेली चार जर्बेराची फुलं आणि मान्फ्रेड फ्रायची पांढरी फुलदाणी, हे दृश्य मला मनापासून आवडतं. चाळीस-पन्नास वर्षं रिकामी उभी राहिलेली वस्तू शेवटी आपल्या कामाला लागली. किल्ल्या टाकण्यापेक्षा हे बरं.

पण एका गोष्टीचं मला वाईट वाटतं, आणि ते मी त्यांना तोंडावर सांगतो. आमच्या घरांना माणूस माहीत होता आणि शिक्का माहीत नव्हता. यांना शिक्का मुखोद्गत आहे, माणसाचा पत्ता नाही. ‘‘ही कुणाकडून आली?’’ विचारलं तर उत्तर येतं, ‘‘जुन्या बाजारातून.’’ त्याआधीचं सगळं पुसलेलं. घडवणारा कलावंत, साल, कारखान्याचा नमुना क्रमांक शोधून निघतो. बॅलार्ड पिअरवर ती ट्रंक उतरवणारा माणूस काही केल्या निघत नाही. जगात त्या नमुन्याच्या फुलदाण्या हजारोंनी असतील. जर्मनीतही आता आजीच्या घरातल्या या फुलदाण्या मुलांना नको असतात, तिथल्या रविवारच्या बाजारांत त्या ओळीनं मांडलेल्या दिसतात. हुचेनरॉयटर २००० मध्ये रोझेनथालमध्ये विलीन झाली आणि २००९ च्या जानेवारीत रोझेनथालनंच दिवाळखोरीचा अर्ज दिला, मग ती एका इटालियन कंपनीकडे गेली. तेव्हा पैशाच्या दृष्टीनं या वस्तूत फार काही अडकलेलं नाही. जे अडकलेलं होतं ते आपण हातगाडीवर फुकट घातलं: या गावातला कोणता मुलगा, कोणत्या साली, कशासाठी एवढ्या लांब गेला आणि येताना त्याला कुणी काय दिलं. पुण्याच्या कारखानदारीचा इतिहास लिहिणाऱ्यांना एवढी साधी नोंद कुठे मिळणार?

दिनकर केळकरांना हे फार आधी उमगलं होतं. चष्म्याचं दुकान चालवणारा आणि ‘अज्ञातवासी’ नावानं कविता लिहिणारा हा माणूस अडकित्ते, दौती, दिवे, दरवाजे गोळा करत गावोगाव फिरला. त्या काळी लोक हसले असतील. अडकित्ता ही काय जपायची वस्तू? मुलगा राजा लहानपणीच गेला, त्याच्या नावानं संग्रहालय झालं, १९७५ मध्ये ते त्यांनी महाराष्ट्र शासनाला देऊन टाकलं. बाजीराव रस्त्यालगतच्या त्या इमारतीत आज वीस हजारांच्या वर वस्तू आहेत. माझं म्हणणं, शोकेस हीसुद्धा आता त्याच रांगेतली वस्तू आहे. ताजमहाल, बाहुली, हत्ती, पेला आणि जर्मन फुलदाणी यांच्यासकट एखादं अख्खं शोकेस, निळ्या ऑइलपेंटसह, कुणीतरी उचलून जपायला हवं. वाड्याचा दिंडी दरवाजा जपला, तर बैठकीची चौथी भिंत का नको?

तोवर आपल्या हातात आहे तेवढं आपण करू शकतो. तुमच्या घरी ताबा द्यायची तारीख ठरली असेल आणि चिनीमातीचा ढीग कोपऱ्यात काढून ठेवला असेल, तर एक कागद घ्या. वस्तू कुणी आणली, कुठून, साधारण कोणत्या साली, तो माणूस काय काम करी, एवढं चार ओळींत लिहा. घरात ऐंशीच्या पुढची आत्या किंवा काकू असेल तर आधी तिला फोन करा, तिला नक्की आठवत असतं. कागदाची घडी करून फुलदाणीच्या आत टाका आणि मग खुशाल विका, वाटा, नाहीतर हातगाडीवर ठेवा. बाहेरून मात्र चिकटपट्टी लावू नका; कडेला सोनेरी रेघ असेल तर ती पट्टीबरोबर निघून येते.